दिव्याची प्रतिमा भिंगात: घरच्या प्रोजेक्टरच्या जुळणीचे एक प्रकरण

पुण्यातील आमच्या घराची मागची खोली बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. आईने ऐंशी वर्षे ओलांडली असून तिची दृष्टी आता अधू झाली आहे. नाटकांची जुनी चित्रमुद्रणे तिला दूरचित्रवाणी संचावर नीट दिसत नाहीत, म्हणून त्या खोलीच्या भिंतीवर सहा फूट रुंदीचे चित्र पाडणारा प्रोजेक्टर घरीच तयार करावा, असे माझ्या भाच्याने ठरवले. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुटे भाग त्यानेच गोळा केले, पहिली जुळणीही त्यानेच केली, आणि चित्र मनासारखे येईना तेव्हा त्याने मला बोलावले. पुढील लेखन त्या एका जुळणीचे आहे. ती का फसली, कोणता भाग का बदलला आणि कोणता ठेवला, हे आकड्यांसह मांडण्याचा प्रयत्न केला आहे, कारण असे यंत्र करू पाहणारे बहुतेक जण याच ठिकाणी अडतात.

भाच्याने जमवलेले भाग असे होते. १०० वॅटचा एलईडी, त्याचे प्रकाशणारे वर्तुळ २२ मिमी व्यासाचे. त्यावर बसणारे जाड काचेचे संग्राहक भिंग. ॲक्रिलिकची दोन फ्रेनेल भिंगे, म्हणजे वर्तुळाकार खाचा असलेली पातळ, सपाट भिंगे, एकाचे नाभीय अंतर १२० मिमी आणि दुसऱ्याचे १८० मिमी. साडेपाच इंची रंगीत एलसीडी पॅनेल, २५६० गुणिले १४४० बिंदूंचे, एचडीएमआय बोर्डासह. आणि जुन्या बाजारात रविवारी मिळालेले, फोटो मोठे करण्याच्या एन्लार्जरचे १३५ मिमी नाभीय अंतराचे एफ/५.६ भिंग. यांपैकी एकही भाग वाईट नव्हता. एन्लार्जरचे भिंग तर उत्तम होते, त्याच्या काचेवर बुरशीचा एक धागाही नव्हता. तरीही भिंतीवर जे उमटले ते मधोमध उजळ आणि चारही कोपऱ्यांत विझत गेलेले चित्र होते. शिवाय सहा फुटांची रुंदी मिळवायची तर पेटी खोलीच्या मध्यावर, जिथे आईची खुर्ची आहे तिथेच ठेवावी लागत होती.

कोपरे काळे पडतात म्हणजे दिवा कमी पडतो, असा भाच्याचा समज झाला होता आणि तो १५० वॅटचा एलईडी मागवण्याच्या बेतात होता. मी त्याला थांबवले. दिवा कमी पडत असता तर सगळे चित्र सारखेच मंद दिसले असते. मध्य उजळ आणि कोपरे काळे, याचा अर्थ कोपऱ्यांतून निघालेला प्रकाश पुढच्या भिंगाच्या छिद्रात शिरतच नव्हता.

बटर पेपरची परीक्षा

या यंत्रात दोन प्रतिमा एकाच वेळी तयार होत असतात, आणि सगळे लक्ष त्यांतल्या एकीवरच जाते. पहिली प्रतिमा पॅनेलची. ती पुढचे प्रक्षेपण भिंग भिंतीवर पाडते आणि तीच आपल्याला दिसते. दुसरी प्रतिमा दिव्याची. ती दोन फ्रेनेल भिंगे मिळून तयार करतात आणि ती नेमकी प्रक्षेपण भिंगाच्या आत पडावी लागते. पहिले फ्रेनेल दिव्याचा पसरणारा प्रकाश समांतर करून पॅनेलवर सोडते, दुसरे तो पुन्हा गोळा करते. हा गोळा झालेला प्रकाश भिंगाच्या छिद्रातून पूर्णपणे आरपार गेला, तरच पॅनेलच्या प्रत्येक कोपऱ्याला त्याचा वाटा मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे काचेवरची चित्रे पडद्यावर पाडणाऱ्या मॅजिक लँटर्नचे, खेळ गावोगाव केले, त्या यंत्रातही दिवा, संग्राहक भिंग, काचेवरचे चित्र आणि प्रक्षेपण भिंग अशीच साखळी होती. दिव्याची प्रतिमा भिंगात पाडण्याची अट तेव्हाही हीच होती.

ही दुसरी प्रतिमा डोळ्यांनी पाहता येते. आम्ही प्रक्षेपण भिंग काढून घेतले, पॅनेल बाजूला केले, दिवा अगदी कमी विद्युतप्रवाहावर लावला आणि बेकरीतल्या बटर पेपरचा एक तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीवर ताणून तो दुसऱ्या फ्रेनेलच्या पुढे हळूहळू सरकवला. जिथे भिंग बसवले होते, तिथे कागदावर आठेक सेंटिमीटर रुंदीचा, कडा विरघळलेला उजेडाचा डाग पडला होता. कागद आणखी पुढे नेला तसा डाग आक्रसत गेला, आणि भिंगाच्या जागेपासून साधारण साडेचार सेंटिमीटर पुढे तो एकदम स्वच्छ कडेचे वर्तुळ झाला. त्या वर्तुळात एलईडीच्या बारीक चिप्सची पिवळसर जाळीसुद्धा मोजता येईल इतकी स्पष्ट दिसत होती. वर्तुळाचा व्यास पट्टीने मोजला, तो साडेपाच सेंटिमीटर भरला. एन्लार्जरच्या भिंगाचे छिद्र नाभीय अंतर भागिले एफ-आकडा, १३५ भागिले ५.६, म्हणजे अवघे २४ मिमी.

दोन्ही दोष त्या कागदावर एकाच वेळी दिसले. दिव्याची प्रतिमा चुकीच्या जागी पडत होती आणि ती भिंगाच्या छिद्राहून दुपटीने मोठी होती. जागा दुरुस्त केली तरी क्षेत्रफळाच्या हिशेबाने २४ मिमीच्या छिद्रातून ५५ मिमीच्या वर्तुळाचा पाचवा हिस्सासुद्धा आत गेला नसता. अशा वेळी दिवा दीडपट मोठा घेतला तर त्याचे प्रकाशणारे वर्तुळही बहुधा मोठे असते, त्याची प्रतिमा आणखी पसरते आणि वाढलेला उजेड भिंगाच्या धातूच्या कड्यावर पडून वाया जातो. मिळते ती फक्त उष्णता.

भिंतीकडून मागे हिशेब

त्यानंतर आम्ही सगळे भाग टेबलावरून उचलून ठेवले आणि हिशेब भिंतीपासून मागे सुरू केला. माझ्या मते या कामाचा क्रम हाच असायला हवा: आधी भिंत आणि खोली, मग पॅनेल, मग प्रक्षेपण भिंग, त्यानंतर फ्रेनेल आणि दिवा सर्वांत शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक जण, माझ्या भाच्याप्रमाणे, दिव्यापासून सुरुवात करतात, कारण दिवा स्वस्तात मिळतो आणि त्याच्या वॅटचा आकडा मनाला धीर देतो.

खोलीची लांबी ३.६६ मीटर. पेटीची लांबी, तिच्यामागची हवा खेळण्याची जागा आणि वायर यांसाठी साधारण ६५ सेंमी सोडले, तर भिंग आणि भिंत यांच्यात तीन मीटर उरतात. चित्राची रुंदी १.८ मीटर हवी. पॅनेलच्या चित्रक्षेत्राची रुंदी १२१ मिमी आणि उंची ६८ मिमी आहे. म्हणजे विशालन जवळजवळ १४.९ पट हवे. दहावीच्या विज्ञानातले भिंगाचे सूत्र इथे जसेच्या तसे उपयोगी पडते: भिंगापासून भिंतीचे अंतर हे नाभीय अंतराला विशालन अधिक एक यांनी गुणल्याएवढे असते. तीन मीटरला १५.९ने भागले की १८९ मिमी येतात. या खोलीला, या पॅनेलला आणि या रुंदीला १८५ ते १९० मिमीचेच भिंग हवे होते. १३५ मिमीच्या भिंगाने तेच चित्र २.१४ मीटरवर येते, म्हणूनच पेटी आईच्या खुर्चीच्या जागी सरकत होती.

पॅनेल बदलावे का, याचाही विचार केला, पण थोडाच. भंगारात पंधरा इंची जुने मॉनिटर सहज मिळतात आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी घरगुती प्रोजेक्टर त्यांच्यावरच होत असत. मात्र ३०४ मिमी रुंदीच्या त्या पॅनेलला कितीतरी जास्त नाभीय अंतराचे भिंग लागते आणि पेटी पाऊण मीटरहून लांब होते. शिवाय तिच्यात बहुधा ४०० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा, त्याचा चोक आणि त्याच्या अतिनील किरणांपासून संरक्षण हे सगळे ओघाने येते. त्या वाटेला आम्ही गेलो नाही. दुसरा मोह रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरसाठी विकल्या जाणाऱ्या मोनो पॅनेलचा होता. त्यांतून प्रकाश पुष्कळ जास्त आरपार जातो हे खरे, परंतु तो जातो त्याचे कारणच असे की त्यांत रंगांच्या गाळण्या नसतात, त्यामुळे चित्र कृष्णधवल मिळते. साडेपाच इंची रंगीत पॅनेल कायम ठेवले. ते मुळात फोनसाठी बनलेले असल्याने संगणकाला उभे दिसते. लॅपटॉपमध्ये चित्र आडवे फिरवता येते, सेट-टॉप बॉक्समध्ये ती सोय नसते, एवढी एक गोष्ट हे पॅनेल घेणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावी.

प्रक्षेपण भिंग

सर्वांत जास्त वेळ या एका भागावर गेला आणि तो तसा जायलाच हवा होता. हवे असलेले भिंग एकाच वेळी तीन अटी पूर्ण करणारे असावे लागते. नाभीय अंतर जुळले पाहिजे, पॅनेलच्या कर्णाएवढे, म्हणजे १३९ मिमीचे क्षेत्र त्याने कडेपर्यंत स्वच्छ दाखवले पाहिजे, आणि दिव्याची प्रतिमा मावेल एवढे त्याचे छिद्र मोठे पाहिजे. बाजारात मिळणारे प्रत्येक जुने भिंग यांपैकी एखादी अट छान पूर्ण करते आणि दुसरीत कमी पडते.

स्लाइड प्रोजेक्टरची किंवा ३५ मिमी सिनेमाची भिंगे उजेडाला उदार असतात, पण ती तळहातावर मावणाऱ्या लहान चौकटीसाठी बनलेली असतात. ३५ मिमीच्या स्थिरचित्राचा कर्ण अवघा ४३ मिमी आहे, आमच्या पॅनेलचा त्याच्या तिपटीहून जास्त. एन्लार्जरचे १३५ मिमीचे भिंग चार गुणिले पाच इंचांच्या निगेटिव्हसाठी असते, त्यामुळे क्षेत्राची अट ते व्यवस्थित पूर्ण करते, पण छिद्राच्या अटीवर मार खाते. ऑफसेट छपाईच्या प्रोसेस कॅमेऱ्यांची भिंगे हा तिसरा पर्याय. प्लेट थेट संगणकावरून निघू लागल्यावर ते कॅमेरे मोडीत निघाले आणि त्यांची २१० किंवा २४० मिमीची भिंगे अधूनमधून बाजारात दिसतात. रेखीवपणात त्यांच्या जवळपास जाणारे भिंग मी पाहिलेले नाही. मात्र ती एफ/९ची असतात, म्हणजे २१० मिमीच्या भिंगाचे छिद्र २३ मिमी. कागदावरचा नकाशा भरपूर प्रकाशात टिपण्यासाठी ते ठीक, अंधाऱ्या खोलीत पॅनेलमधून गळून येणाऱ्या उजेडासाठी नाही. शाळा-महाविद्यालयांतून बाद झालेल्या ओएचपीचे (ओव्हरहेड प्रोजेक्टरचे) भिंग छिद्राने मोठे असते, पण त्याचे नाभीय अंतर ३०० मिमीच्या आसपास असल्यामुळे आमच्या चित्राला साडेचार मीटरहून जास्त अंतर लागले असते. स्टेशनरीच्या दुकानातले हातभिंग आम्ही केवळ फरक पाहण्यासाठी लावले: मध्यातले अक्षर रेखीव केले की कडेचे विरघळते, कडेचे केले की मध्यातले, आणि पांढऱ्या रेषांना एका बाजूला निळी व दुसऱ्या बाजूला तांबूस किनार येते. एकाच काचेला हे दोष टाळता येत नाहीत. दोन बहिर्गोल काचांमध्ये एक अंतर्गोल काच ठेवून ते आटोक्यात आणण्याची युक्ती इंग्लंडमधील यॉर्कच्या कुक कंपनीत काम करणाऱ्या डेनिस टेलर यांनी १८९३ मध्ये काढली. आजही प्रोजेक्टरसाठी विकली जाणारी साधी तीन काचांची भिंगे, ज्यांना ट्रिप्लेट म्हणतात, त्याच रचनेवर उभी आहेत.

आम्ही ट्रिप्लेट शोधायचे ठरवले. छिद्राचा हिशेब त्याच्या बाजूने स्पष्ट होता. पॅनेलमधून किती प्रकाश उचलता येईल हे भिंगाचा व्यास आणि पॅनेलपासूनचे त्याचे अंतर यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असते. एन्लार्जरच्या भिंगाचे हे गुणोत्तर २४ भागिले १४४, तर ६२ मिमी व्यासाच्या १८५ मिमी ट्रिप्लेटचे ६२ भागिले १९७. दोन्हींचे वर्ग करून भागले तर ट्रिप्लेट साडेतीन पट जास्त प्रकाश उचलू शकते. रेखीवपणात ते एन्लार्जरच्या भिंगाच्या मागेच राहणार होते, तरीही साडेतीन पट उजेडासाठी ती उणीव पत्करावी, असा निर्णय मी घेतला आणि तो मला आजही बरोबर वाटतो.

भिंगावर छापलेल्या किंवा विक्रेत्याने सांगितलेल्या नाभीय अंतरावर मात्र विसंबू नये. १८० मिमीचे म्हणून आलेले पहिले भिंग आमच्या मोजणीत २०४ मिमी भरले आणि परत गेले. मोजणी घरच्या टेबलावर होते. तीन काचांच्या भिंगात नेमके कुठून अंतर मोजायचे हा प्रश्न असतो, म्हणून प्रयोगशाळेतली विस्थापन पद्धत वापरावी. फोनचा उजळ पडदा आणि पांढरा पुठ्ठा एकमेकांपासून बरोबर एक मीटरवर उभे केले. दोन्हींच्या मध्ये भिंग सरकवत नेले की दोन ठिकाणी पुठ्ठ्यावर स्पष्ट प्रतिमा मिळते, एकदा मोठी आणि एकदा छोटी. या दोन जागांमधले अंतर दुसऱ्या भिंगासाठी ५१० मिमी आले. एक मीटरच्या वर्गातून ५१०चा वर्ग वजा करून चार मीटरने भागले की १८५ मिमी मिळतात. हे भिंग ठेवले. त्याने १.८ मीटरचे चित्र २.९४ मीटरवर पडते आणि पॅनेल त्याच्या मागे १९७ मिमीवर बसते.

ते बसवण्यासाठी ७५ मिमीचा पीव्हीसी पाइप आणि त्याचा कपलर पुरेसा झाला. मात्र भिंत १० सेंमी पुढे-मागे झाली तर भिंग अर्धा मिलिमीटरसुद्धा हलवावे लागत नाही, इतकी ही जागा नाजूक असते. नुसता पाइप हाताने सरकवून फोकस साधत नाही, तो हळू फिरवत सरकवावा लागतो. आम्ही पाइपवर कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन तो कपलरमध्ये घट्ट केला.

दिवा आणि फ्रेनेल

भिंग ठरल्यावर बाकीचे भाग आपोआप त्याच्या मागे रांगेत आले. दुसऱ्या फ्रेनेलने दिव्याची प्रतिमा १९७ मिमीवरच्या भिंगात पाडायची. फ्रेनेल पॅनेलच्या १० मिमी पुढे ठेवले, म्हणजे त्याच्यापासून भिंग १८७ मिमीवर. भाच्याकडचे फ्रेनेल १८० मिमीचे होते. नवे मागवण्याची गरज पडली नाही: दिवा आणि त्याचे संग्राहक भिंग एकत्र उचलून पहिल्या फ्रेनेलकडे अवघे तीन मिलिमीटर सरकवले की प्रकाश किंचित पसरत पुढे येतो आणि दिव्याची प्रतिमा सात मिलिमीटर पुढे जाते. बटर पेपर पुन्हा लावून पाहिला, वर्तुळ भिंगाच्या मध्यावर आले.

दहा मिलिमीटरचे अंतर मुद्दाम ठेवले आहे. फ्रेनेल पॅनेलला चिकटवले तर त्याच्या वर्तुळाकार खाचा भिंतीवर फोकसमध्ये येतात आणि पॅनेलच्या बिंदूंशी त्यांची गाठ पडून लहरींसारखी नक्षी दिसते. खाचांची दिशाही महत्त्वाची आहे. दोन्ही फ्रेनेलच्या खाचा पॅनेलकडे, म्हणजे समांतर प्रकाशाच्या बाजूला, आणि सपाट पाठी बाहेरच्या बाजूला असाव्यात. पहिल्या जुळणीत एक फ्रेनेल उलटे बसले होते. नखाचे टोक हलकेच फिरवले की खाचांची बाजू खरखरते, सपाट बाजू घसरते. डोळ्यांनी ओळखण्यापेक्षा हे खात्रीचे आहे.

संग्राहक भिंगाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. एलईडीचा प्रकाश सर्व बाजूंना पसरतो, आणि संग्राहक भिंग नसेल तर त्याचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा आयताकृती पॅनेलवर पोहोचतो. भिंग लावल्यावर कितीतरी जास्त पोहोचतो. पण प्रकाशाचा पसारा अरुंद केला की दिवा तितकाच मोठा भासू लागतो. आमचा २२ मिमीचा दिवा संग्राहक भिंगामागून सुमारे ३७ मिमीचा भासतो, आणि फ्रेनेलच्या जोडीने त्याची १.६ पट प्रतिमा झाली की ती ५९ मिमी होते. ६२ मिमीच्या ट्रिप्लेटमध्ये ती जेमतेम मावते. याचा अर्थ असा की या भिंगाशी याहून मोठ्या वर्तुळाचा दिवा जुळलाच नसता, मग तो कितीही वॅटचा असो. दिवा घेताना वॅटच्या आधी प्रकाशणाऱ्या भागाचा व्यास विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन. भाच्याने १५० वॅटचा एलईडी शेवटी मागवला नाही, उलट असलेला दिवा पूर्ण तीन अँपिअरऐवजी अडीच अँपिअरवर चालवला. त्याला संगणकाच्या प्रोसेसरचा तांब्याच्या नळ्यांचा हीटसिंक बसवला आहे.

पॅनेलचा ताप

भिंगांचे गणित जमल्यावर उष्णतेचा प्रश्न पुढे आला. रंगीत पॅनेलवर पडलेल्या शंभर भाग प्रकाशापैकी साधारण पाचच भाग पलीकडे जातात: निम्म्याहून अधिक पहिला पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा थर) खातो, उरलेल्यातला दोन तृतीयांश रंगांच्या गाळण्या खातात, आणखी काही बिंदूंमधल्या तारांच्या जाळीत अडकतो. अडलेला प्रकाश तिथेच उष्णता होतो. मे महिन्यातल्या पहिल्या पूर्ण चाचणीत वीस मिनिटांनी चित्राच्या मध्यावर राखाडी ठिपका उमटला आणि पाहता पाहता तळहाताएवढा काळा डाग झाला. भाचा घाबरला, पॅनेल जळाले असे त्याला वाटले. दिवा बंद करून पॅनेल निवू दिले तेव्हा डाग पूर्ण नाहीसा झाला. ठरावीक तापमानापलीकडे द्रव स्फटिक आपली रचना सोडून साध्या द्रवासारखा वागू लागतो, प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवत नाही, आणि तेवढा भाग काळा दिसतो. ही सूचना समजावी. ती दुर्लक्षिली तर पोलरायझर पिवळा पडतो आणि तो मात्र परत येत नाही.

उष्णतारोधक काच लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. हॅलोजन किंवा मेटल हॅलाइड दिव्याला ती हवीच, पण पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे इथे तिचा लाभ थोडा. आम्ही दोन उपाय केले. पॅनेल आणि दोन्ही फ्रेनेल यांच्या फटींतून वारा जाईल असा ९२ मिमीचा पंखा खालून बसवला. आणि एका मोडलेल्या मॉनिटरच्या बॅकलाइटमधून आरशासारखी चमकणारी पोलरायझर फिल्म काढून ती पॅनेलच्या आठ मिलिमीटर मागे ताणली. पॅनेलला नको असलेला प्रकाश ही फिल्म न शोषता दिव्याकडे परत पाठवते. ती एका दिशेने धरली तर चित्र उजळ राहते, काटकोनात फिरवली तर विझते, त्यामुळे योग्य दिशा सापडायला क्षणभरही लागत नाही. पॅनेलच्या कडेचे तापमान पूर्वी ५८ अंश सेल्सिअसपर्यंत चढत होते, आता दोन अंकी नाटक संपेपर्यंत ते ४६च्या वर गेलेले नाही.

चित्र वर उचलणे

पेटी कपाटाच्या फळीवर आहे आणि चित्र तिच्यापेक्षा ३० सेंमी वर हवे. पेटी तिरकी केली तर चित्र वरच्या बाजूला रुंद होते, आणि संगणकात ते चौकोनी करायला गेल्यास बिंदू वाया जातात. पॅनेल भिंतीला समांतर ठेवून केवळ भिंग वर सरकवावे, हा योग्य मार्ग. भिंग एक मिलिमीटर वर गेले की चित्र सुमारे सोळा मिलिमीटर वर जाते, म्हणून ३० सेंमीसाठी १९ मिमी पुरले. पण दिव्याची प्रतिमा भिंगासोबत वर जायला हवी, नाहीतर पुन्हा पहिलाच दोष. त्यासाठी दुसऱ्या फ्रेनेलचा केंद्रबिंदूही तेवढाच वर नेला. फ्रेनेल मोठ्या चौकोनातून कापून घेताना केंद्र मध्यावर न ठेवता मुद्दाम एका बाजूला ठेवले. कापल्यानंतर ही दुरुस्ती करता येत नाही, तेव्हा आधी कागदाचा साचा करून पाहावा.

महाविद्यालयातून आणलेल्या लक्समीटरने, म्हणजे उजेड मोजणाऱ्या उपकरणाने, भिंतीवर नऊ ठिकाणी मोजणी केली, सरासरी ५५ लक्स आली. चित्राचे क्षेत्रफळ १.८२ चौरस मीटर असल्याने एकूण सुमारे १०० ल्युमेन भिंतीवर पोहोचतात. साध्या पांढऱ्या भिंतीवर त्याची चकाकी चौरस मीटरला जास्तीत जास्त साडेसतरा कँडेला होते, तर डिजिटल चित्रपटगृहासाठी ४८ कँडेला हे मानक आहे. दिवसा पडदे ओढूनही चित्र फिके दिसते, रात्री दिवे मालवल्यावर ते समाधानकारक आहे. सर्वांत उजळ मध्य आणि सर्वांत मंद कोपरा यांत पूर्वी जमीन-अस्मानाचा फरक होता, आता कोपऱ्यांत मध्याच्या साठ टक्के उजेड मिळतो.

रेखीवपणाची परीक्षा आम्ही देवनागरी अक्षरांनी घेतली. ‘सूर्य’, ‘कुर्‍हाड’, ‘किंवा’, ‘कृष्ण’ असे शब्द लहान आकारात पडद्याच्या नऊ भागांत छापलेले पान करून भिंतीवर टाकले. मध्यावर आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत सगळे शब्द वाचता येतात. वरच्या कोपऱ्यांत मात्र ‘सूर्य’चा रफार आणि ‘किंवा’चा अनुस्वार शिरोरेषेला चिकटतात. त्याचे कारण भिंग वर उचलण्यातच आहे: त्यामुळे चित्राची खालची कड भिंगाच्या अक्षाच्या जवळ आली आणि वरचे कोपरे दूर गेले. एका अर्थी ही आमच्या सोयीची गोष्ट ठरली, कारण उपशीर्षके खालीच असतात आणि ती आई आता खुर्चीतून स्वतः वाचते.

वरचे कोपरे सुधारण्यासाठी काळ्या पुठ्ठ्याचे ५२ मिमी छिद्राचे कडे भिंगासमोर लावून पाहिले. अक्षरांचे रफार सुटे झाले, उजेड साधारण पाचव्या हिश्श्याने घटला. नाटक पाहताना ते कडे काढून ठेवतो. भाच्याला त्याच्या प्रकल्पाचे तक्ते आणि आकृत्या दाखवायच्या असल्या की तो ते पुन्हा लावतो. त्यासाठी पाइपच्या तोंडाशी एक खाच कापली आहे.